ताईचा आकडा

आमच्या कडावच्या घरात गरोदर बाईनं ‘दुखायला लागलं’ हे शब्द तोंडातून काढायचे नसत. डोकं दुखलं तर डोकं धरलंय म्हणायचं, पाय दुखले तर पाय भरून आलेत म्हणायचं. ‘दुखायला लागलं’ हे एकदाच म्हणायचं, दिवस भरल्यावर, आणि त्या शब्दांसरशी घरातल्या पुरुषांनी पायात वहाणा सरकवून सुईणीला आणायला निघायचं. वेळेआधी म्हटलं तर वास्तू तथास्तु म्हणते आणि अपुऱ्या दिवसांचं पोर हातात येतं, अशी आयची पक्की समजूत. वास्तू म्हणजे काय ते मला लहानपणी कळत नसे. आढ्याशी बसलेलं, तोंड न दिसणारं कुणीतरी, जे आपलं सगळं बोलणं ऐकत असतं, एवढंच मी धरून चालले होते. आज माझे केस पिकले, तरी तिन्हीसांजेला बोलायच्या आधी मी एकदा वर बघून घेते.

ताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिला खालापूरकडे दिलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती चैत्रात आमच्याकडे आली. तिसाच्या सालाच्या अलीकडे-पलीकडे घडलेली ही गोष्ट. मी तेव्हा परकर सोडून लुगडं नेसायच्या बेतात होते. ताई आली की घरात आवाज वाढायचा. सासरच्या माणसांच्या नकला करताना तिला स्वतःलाच इतकं हसू यायचं, की नक्कल अर्धीच राहायची. अंगानं काटक होती. लहानपणी जांभळीवरून पडून तिचा हात मोडला, तर हात पदराखाली धरून ती घरी आली, जेवली, आणि मग आयला म्हणाली, “ह्यो हात जरा बग गं, उलटा झालाय वाटतं.” त्या दिवशी झाडाखाली दादाही होता.

दादा आम्हा दोघींच्या मधला, पण घरात सगळे, ताईसुद्धा, त्याला दादाच म्हणत. मुंबईला कॉलेजात होता. तिकडे गेल्यापासून त्याच्या ‘हाय’चं ‘आहे’ झालं होतं आणि आय त्याच्याशी बोलताना उगाच सावरून बोलायची. तो मनाचं शास्त्र शिकत होता. ते काय असतं हे आबांना शेवटपर्यंत समजलं नाही. “मन मोजत्यात का रं?” त्यांनी एकदा विचारलं. “मोजतात,” दादा म्हणाला, आणि आबांनी विडी पेटवली.

त्या वैशाखात सुट्टीला येताना दादानं एक यंत्र आणलं. पितळेची नळी, आत स्प्रिंग, टोकाला सुपारीएवढी लाकडी गुंडी, नि नळीवर आकडे कोरलेले. गुंडी माणसाच्या हातावर टेकवायची आणि हळूहळू दाबत जायचं. दुखायला लागलं की त्यानं सांगायचं आणि दादानं तिथला आकडा बघायचा. कुणाला किती लवकर दुखतं ते त्यावरून कळतं म्हणे. ‘गावाकडच्या निरनिराळ्या माणसांचे आकडे आणा’ असं सांगून त्याच्या प्रोफेसरांनी ते यंत्र विश्वासानं त्याच्या हाती दिलं होतं. दादा ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि आम्हांला हात लावू द्यायचा नाही.

ओटीवर रोज माणसं जमायला लागली. उन्हाळ्याचे दिवस, भातशेतीचे राब भाजून झालेले, पावसाला अवकाश, माणसांना तमाशा हवाच होता. दादा प्रत्येकाला बजावायचा, “सोसून दाखवायचं नाही. दुखायला सुरुवात होते ती घटका मला हवी.” हे कुणाच्याही डोक्यात शिरलं नाही. चारचौघांत हात पुढे केलेला पुरुष दुखतंय असं म्हणेल कसा? शेजारचे काका तर मांडी ठोकून बसले. तोंड लालबुंद झालं, कपाळावरून घाम ओघळला, तरी “अजून दाब, अजून दाब.” मग दंडावरचा काळानिळा डाग ते सगळ्यांना दाखवत फिरले. पुढच्या खेपेलाही त्यांनी तोच आकडा गाठला, कारण त्याच्या खाली उतरले असते तर गावात नाक कापलं गेलं असतं. दादा मात्र खूष. म्हणाला, “दोन्ही वेळा सारखाच आला. म्हणजे माप बरोबर आहे.”

वाडीवरचा एक ठाकर मोळी टाकायला आला होता, त्यालाही बसवलं. तो बोललाच नाही. दाबून दाबून आकडे संपले तेव्हा दादाच थांबला नि विचारलं, “अरे, सांगितलं का नाहीस?”

“तुमी दाबीत व्हता,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुमचं झालं का सोडाल.”

दादानं त्यातून अर्थ काढला, की डोंगरातल्या लोकांना दुखणं उशिरा कळतं. ठाकर हात चोळत पायरी उतरला ते मी दारामागून पाहत होते.

माझा आकडा मात्र रोज वेगळा यायचा. भूक लागलेली असली की खाली, दादाचा राग आलेला असला की वर. दादा वैतागायचा. “तुझा काही भरवसा नाही,” म्हणायचा. अशी मी शास्त्रात नापास झाले, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

मग ताईची पाळी आली. ओटीवर पुरुष होते म्हणून माजघरात पाट मांडून ती बसली. दादानं सांगितलं, “दुखायला लागलं की सांग.” आय पिठाच्या हातांनी चुलीपासून धावत आली.

“त्यो शबुद तिनं काडायचा नाय.”

दादा हसला. “बरं, दुसरं काही म्हणू दे. कुठलाही शब्द चालेल.”

“पुरे म्हनंल ती,” आयनं ठरवून टाकलं. ताकाच्या लोट्याला म्हणतात ते पुरे, भाताच्या डावाला म्हणतात ते पुरे. त्यात अशुभ काय असायचं?

ताईनं एक हात पाटावर ठेवला, दुसरा पोटावर. गुंडी कातडीला टेकली न टेकली तोच ती म्हणाली, “पुरे.” दादानं आकडा पाहिला आणि त्याला हसू आवरेना. इतका कमी आकडा गावात कुणाचाच नव्हता, तान्ह्या पोरांची आठवण झाली म्हणाला. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानं घेतला तरी तेच. सकाळी, संध्याकाळी, जेवणाआधी, जेवल्यावर, ताईचा आकडा एक रेघ इकडेतिकडे व्हायचा नाही. घरात तिला मेणाची बाहुली म्हणायला लागले. तीही हसायची. विहिरीवर मी तिला डिवचलं, “काय गं, एवडी नाजूक कदी झालीस?”

ती कळशी ठेवून कठड्याला टेकली. “मला काय व्हतंय? हातावर दाबलं का पोटातलं दचकतंय. त्याला कशाला भ्या दाकवू?”

संध्याकाळी मी हे जसंच्या तसं दादाला सांगितलं. तिला दुखत नाही, ती पोरासाठी थांबवते, तू मोजतोस ते दुखणं नव्हेच. दादानं समजूत घालायच्या सुरात सांगितलं, “कारण काहीही असो. आकडा हलत नाही ना? जे पुन्हा पुन्हा तसंच येतं ते खरं. शास्त्र यालाच म्हणतात.”

“ओटीवरचं घड्याळ रोज अर्धा तास मागं असतंय,” मी म्हटलं. “त्ये बी हालत नाय.”

“उचलली जीभ लावली टाळ्याला,” तो म्हणाला.

“आन जांभळीवरनं पडली तवा?”

“तेव्हा ती लहान होती. लहानपणीच्या आठवणीवर शास्त्र चालत नाही.” असं म्हणून तो यंत्र पुसायला लागला. मला त्याचा असा राग आला, की मी त्याच्या ताटात आमटी वाढलीच नाही. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

वैशाख सरता सरता एका सकाळी ताई चुलीपाशी आली. चेहऱ्यावर हसू आणि थोडी भीती. आयच्या कानाशी वाकून तिनं ते शब्द म्हटले, अगदी रीतसर, वेळेवर. आबा वहाणा घालून निघाले. सुईण दहिवलीची, अर्ध्या पंचक्रोशीची पोरं तिच्या हातावर आलेली. दुपारपर्यंत सगळं जसं असतं तसंच होतं. मी मागच्या दारी पाणी तापवत होते. कुडाच्या भिंतीतून ताईचं कण्हणं येई, मग थांबे, मग ती काहीतरी बोले आणि सुईण हसे.

दुपार कलली तशी थांबणं बंद झालं. कण्हणं एका सुरात चालू राहिलं, नुसतं लांबत गेलं. सुईण बाहेर आली. तिच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

“पोट दगडावानी लागतंय,” ती आबांना म्हणाली. “कळ येती नि जाती, तशी जायाला पायजे. हिची जातच नाय. पयलटकरीण हाय म्हनून थांबले आतापरेंत. मालक, कर्जतचा डाक्तर आना.”

आबांनी गाडी जुंपली. पण जू बैलांच्या मानेवर चढवलं आणि ते तिथेच घुटमळले. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष. खालापूरला कळलं तर व्याही काय म्हणतील? त्यांनी दादाकडे पाहिलं. घरात शिकलेला तोच.

दादा म्हणाला, “आबा, घाई करू नका. पहिलटकरणीला वेळ लागतोच. आणि ताईला जरासं लागलं तरी सोसत नाही, मी महिनाभर बघतोय. तिची ताकदच कमी आहे.”

आबांनी बैल सोडले. त्या क्षणी त्यांचा चेहरा हलका झाला, तो मी विसरलेले नाही. दादाचं शास्त्र त्यांच्या भिडेच्या उपयोगी पडलं. एकट्या दादानं ताईला मारलं असं मी कधी म्हटलं नाही. पण बैल सोडायला कारण त्यानं दिलं, हेही कधी गिळलं नाही.

आतून ताईनं हाक मारली. “दादा, खरं दुखतंय रं.”

तो भिंतीपाशी गेला. कुडाला तोंड लावून म्हणाला, “हो ताई. जरा सोस.”

“खरं दुखतंय.”

तिनं आणखी दोनदा तसंच म्हटलं, प्रत्येक वेळी हळू. मग ते लांबत गेलेलं कण्हणंही खाली आलं. दादा माझ्याकडे वळला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. म्हणाला, “बघ, ओसरलं.”

त्यानंतर सुईणीची किंकाळी आली. रक्त, एवढाच शब्द मला कळला. दादा अनवाणी पळत सुटला. बैल जुंपायलाही थांबला नाही, कर्जतच्या वाटेला लागला. डॉक्टर आले तेव्हा दिवेलागण होत होती. पोर आधीच सुईणीनं ओढून काढलं होतं. मुलगी, निळी पडलेली, बऱ्याच वेळानं रडलेली. ताई गेली होती. पडवीतला दिवा लावायचं त्या संध्याकाळी कुणाला सुचलं नाही, आणि डॉक्टरांनी आपल्याच कंदिलाच्या उजेडात तिला पाहिलं.

“कळ सुटत नव्हती ती केव्हापासून?” त्यांनी विचारलं. आबांनी उलट चाचरत विचारलं, आधी आणलं असतं तर? डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, “सांगता येत नाही.”

त्या तीन शब्दांनी आमचं घर पोखरून काढलं. हो म्हणाले असते तर मी दादाला जन्मभर शिव्या दिल्या असत्या. नाही म्हणाले असते तर सोडून दिलं असतं. सांगता येत नाही, याचं माणसानं काय करायचं?

आय दादाला कधी काही बोलली नाही. तिचा घोर निराळाच होता. तेरावं झाल्यावर एका तिन्हीसांजेला ती मला चुलीपाशी ओढून कुजबुजली, “म्या तिला त्यो शबुद बोलू दिला नाय. नाय का? आन बोलायला काय दिलं? पुरे. म्हैनाभर रोज बसून ती पोर पुरे, पुरे म्हनत व्हती. वास्तूनं काय ऐकलं असंल?” आणि तिनं आढ्याकडे पाहिलं. मला त्या गोष्टी पटत नव्हत्या, आजही पटत नाहीत. तरी त्या दिवशी तिच्यासारखंच मीही वर पाहिलं, आणि वरचा काळोख नुसता काळोख वाटेना.

त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द मेला. कुणी ठरवलं नाही. जेवताना भात नको असला की ताटावर हात आडवा धरायचा. ताक पुरेसं झालं की लोटा सरकवायचा. पाहुणे ‘पुरे, पुरे’ म्हणत, आणि आयचा वाढता हात जागच्या जागी थिजे. ताईची लेक आमच्याकडेच वाढली, कारण तिच्या बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. ती पोरही जेवताना ताटावर हात धरायची. का, ते तिला ठाऊक नव्हतं.

दादा पावसाळ्यात मुंबईला गेला तो यंत्र परत करायला. प्रोफेसरांना त्यानं सांगितलं, एक आकडा खोटा आहे, तो काढून टाका. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, अहो, सगळ्यांत भरवशाचा आकडा हाच तर आहे, दर खेपेला सारखा, हा कसा वगळायचा? हे दादानंच मला पुढे सांगितलं, फार वर्षांनी. त्यानं कॉलेज सोडलं आणि गावच्या शाळेत मास्तर झाला. दुपारी तो घरात थांबत नसे. शाळा सुटली तरी दिवे लागेपर्यंत वर्गात बसून राही. लोकांना वाटायचं, केवढा कामसू मास्तर. मला कारण ठाऊक होतं. उन्हाळ्यात दुपार कलली, वारा कुडातून शिरला, की त्या भिंतीतून एका सुरातला आवाज येतो. मीही ऐकलाय. कारवी-शेणाच्या कुडाचा आवाज तो, वाळलेली कारवी करकरते. हे मी स्वतःला सांगते आणि तरीही तिथून उठून जाते.

माझं लग्न दहिवलीत झालं. भाऊबीजेला दादा यायचा. मी ओवाळायचे, पण मान वर करत नसे. जेवायला वाढायचे, पण ‘जेव’ म्हणत नसे. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्याचंही जळत होतं, हे मला दिसत होतं. पण दिसलं म्हणून राग थोडाच विझतो? राग मला हवाच होता. तो नसता तर ताईची आणखी एक गोष्ट हातातून गेली असती.

पोर सात-आठ वर्षांची झाली. त्या आषाढात पाऊस धरूनच बसला होता. एका सकाळी माझ्या दारात दादा उभा. पाठीवर पोर, दोघांवर मिळून एक इरलं, दादा कमरेपर्यंत चिखलानं माखलेला. वहाळाला पाणी आलं म्हणून गाडी चालेना, तर तो कडावहून तिला पाठीवर घेऊन चालत आला होता.

“पोट दुखतंय म्हनती,” तो म्हणाला. त्याचा श्वास लागला होता.

“किती?” मी सहज विचारलं. कुणीही विचारेल तसं.

“त्ये म्या इचारलं नाय.”

मी डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाले. कर्जतच्या दवाखान्यात नवे डॉक्टर होते, तरुण. त्यांनी पोरीला बाकावर निजवलं, पोट दाबून पाहिलं. तिला गुदगुल्या झाल्या, ती खुदखुदली. “काही नाही हिला,” डॉक्टर म्हणाले. दादा म्हणाला, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा पाहिलं. दादा म्हणाला, साहेब, आणखी एकदा. डॉक्टर चिडले, बाहेर माणसं खोळंबलीत म्हणाले. दादानं पोरीला उचललं, बाहेर आला, आणि दवाखान्याच्या पायरीवर पावसातच बसला. त्याला रडू येत होतं. पोर त्याच्याकडे टकमक बघत होती, आणि मी छत्रीवाल्या लोकांना वाट देत बाजूला उभी होते. काय करावं ते मला सुचत नव्हतं.

घरी आणून मी दोघांना कोरडे कपडे दिले. पोरीला भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. ती हावरटासारखी जेवली, बोटं चाटली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मामा, माजं प्वाट नव्हतंच दुखत. मला साळंतले पाडे येत नव्हते.”

एवढ्या पावसातून, वहाळाच्या पाण्यातून त्यानं तिला आणलं होतं. माझा हात उठला. दादानं तो मधल्यामध्ये धरला. मी वर पाहिलं, किती वर्षांनी कोण जाणे. ऐन उमेदीत तो केवढा म्हातारा दिसत होता. माझा हात तसाच धरून ठेवून तो पोरीला म्हणाला, “असू दे. खोटं दुखलं तरी सांगत जा. मी दर बारी घिऊन येईन.”